बाईंचं पथ्य

बाईंशी बोलायला तीन मिनिटं मिळायची. तीन मिनिटं झाली की त्या एक बोट वर करून विचारायच्या, "वेळ संपला. वाढवायचाय?" वाढवायचं असेल तर तसं सांगायचं, की मग आणखी तीन मिनिटं. न सांगता बोलत राहिलात तर बाई उठून आत जाणार, मग तुमची गोष्ट ऐन रंगात आलेली का असेना. पण विचारल्याशिवाय कधी उठल्या नाहीत. सांगून उठायच्या.

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात तीन-तीन मिनिटांचे ट्रंककॉल जोडण्यात गेली होती. परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवून ताटकळत बसावं लागायचं आणि तो जोडून द्यायला मध्ये बाईंसारखं कुणीतरी असायचं, हे आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातल्या पोरांना सांगितलं तर त्यांना पुराणातली गोष्ट वाटते. ट्रंककॉल गेले, बाई निवृत्त झाल्या, पण कानावरचा हेडफोन त्यांनी मनातून काही काढला नाही. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा छोटा फ्लॅट आणि त्यातली जिन्यालगतची खोली भाड्यानं द्यायची. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "लाइन बिझी होती." पुढं विचारायची माझी काय टाप!

त्या जिन्यालगतच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून आले. आले कसली, 'आलो'. मी तासगावकडची. आमच्याकडं बायकाही मी आलो, मी गेलो, मी जेवलो असंच म्हणतात. पहिल्या दिवशी दारात बॅग टेकवून मी म्हटलं, "काकू, मी आलो." बाईंनी माझ्या मागं जिन्यात वाकून बघितलं. "आलो? बरोबर आणखी कोण आहे? खोली एकटीला दिलीय." मी गोंधळले. तेवढ्यात दुसरा फटका आला, "आणि काकू कुणाला म्हणतेस? तुझ्या कुठल्या काकांशी माझं लग्न झालंय? बाई म्हण." मी मनात म्हटलं, इथं आपलं महिनाभरही निभत नाही. पुढं चांगली पाच-सहा वर्षं राहिले, ती गोष्ट वेगळी.

बाईंचा दुसरा कायदा म्हणजे रिपीट. कुणी काही सांगितलं की बाई ते पुन्हा म्हणून दाखवायच्या आणि समोरच्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय त्याची सुटका नसायची. दूधवाला म्हणाला, "उद्या खाडा." की बाई म्हणणार, "उद्या, शुक्रवारी, दूध नाही. बरोबर?" तो बिचारा अर्धा जिना उतरलेला असायचा, तिथून ओरडायचा, "बरोबर!" मी सुरुवातीला नुसतं 'हो' म्हणायची, तर चिडायच्या. "हो नाही, बरोबर म्हण. हो माणसं न ऐकताही म्हणतात." एकदा त्यांच्या एका मैत्रिणीच्या मुलाचं लग्न होतं. आमंत्रण द्यायला आलेल्या जोडप्याला त्यांनी शांतपणे विचारलं, "लग्न साडेदहाला, जेवण साडेबाराला. बरोबर? छान. मग साडेबाराला येते." ते दोघं हसले. बाई हसल्या नाहीत, आणि गेल्या साडेबारालाच.

अशा बाईंना एका हिवाळ्यात खोकला लागला. आधी वाटलं हवेचा असेल. मग शेजाऱ्यांनी कबुतरांवर घेतलं, कारण पुण्यात सध्या कशाचंही खापर कबुतरांवर फोडता येतं. काढे झाले, सिरप झालं, वाफ झाली. खोकला हटेना, म्हणून एक्स-रे काढला, त्यात डाग दिसला. मग स्कॅन झाला, मग सुई घालून तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. हे सगळं बाई एकट्या जाऊन करून आल्या. मी बरोबर येते म्हटलं की म्हणायच्या, "तुला कंपनी पगार कशाचा देते?"

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले तर बाई ओट्यापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सर. थोडा पसरलाय. रिपीट कर."

मी खांद्यावरची पर्सही न उतरवता त्यांच्याकडं बघत राहिले.

"रिपीट केल्याशिवाय तुला ऐकू गेलं की नाही, मला कळणार कसं?" बाई म्हणाल्या. आवाज जरासुद्धा हलला नव्हता. मग मी म्हटलं. फुप्फुसात गाठ, कॅन्सर, थोडा पसरलाय. शेवटच्या शब्दाला माझा बांध फुटला आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून भोकाड पसरलं. त्यांनी मला दोनदा थोपटलं, "बरोबर," म्हणाल्या आणि दूध उतू जात होतं ते उतरवायला वळल्या.

बातमी पसरली तसे लोक यायला लागले. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असायचा, कुणी उघड विचारायचं, कुणी आडून. "तुम्ही कधी... म्हणजे सिगारेट वगैरे?" बाईंनी आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा चघळलं नव्हतं. ठरलेलं उत्तर द्यायच्या, "नाही ओढली. पण हे होणार असं आधी कळलं असतं तर ओढली असती. निदान वसूल तरी झालं असतं." त्यांच्या डॉक्टर मात्र पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या की न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो, चूक कुणाची ते शोधत बसू नका, आपल्याला कामं बरीच आहेत. हे वाक्य बाईंना फार पटलं होतं. त्या मला ते अधूनमधून म्हणून दाखवायच्या.

डॉक्टर तरुण होत्या, भराभर बोलायच्या आणि बाईंना 'आजी' म्हणायच्या. "कुणाची आजी?" असं बाईंनी विचारून पाहिलं, पण ती मुलगी ऐकणारी नव्हती. तिनं काढलेल्या तुकड्याची आणखी एक तपासणी करायला लावली, आणि त्यात असं निघालं की बाईंची गाठ ज्या जातीची आहे तिच्यावर नेमकी एक गोळी चालते. सगळ्यांच्या नशिबी ही गोळी नसते, सलाइनमधून केमो घ्यावी लागते, रेडिएशनचे शेक घ्यावे लागतात. बाईंना रोज सकाळ-संध्याकाळ गोळी. गाठीला 'वाढ, वाढ' असा जो निरोप सारखा जात असतो, तो ही गोळी मध्येच अडवते, असं डॉक्टरांनी समजावलं. "म्हणजे लाइन तोडते," बाई म्हणाल्या. त्या घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. आपल्या आजारावर आपल्याच खात्याचं औषध निघालं, याचा त्यांना अभिमान वाटत होता.

एकाच गोष्टीनं त्या नाराज होत्या. डॉक्टर म्हणाल्या होत्या, पथ्य काही नाही, सगळं खा.

"ज्याला पथ्य नाही ते औषध कसलं?" बाई मला म्हणाल्या. "आमच्या आईकडे साध्या सर्दीला ताक बंद, दही बंद, केळं बंद. आणि कॅन्सरला सगळं खा? ह्या मुलीला येतंय ना नीट?" पथ्य नसलं की त्यांना आपण औषध घेतोय असं वाटायचंच नाही. नुसतं गिळायचं ते डॉक्टरचं काम झालं, आपलं काय? पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांच्या मागं टुमणं लावलं, की काहीतरी बंद सांगाच. आणि तिथून विजयी मुद्रेनं परत आल्या. चपला काढता काढता म्हणाल्या, "मिळवलं! द्राक्ष बंद."

"बाई, आमच्या तासगावनं तुमचं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं. माझी आई दर वर्षी त्यांच्यासाठी बेदाणे पाठवायची.

"डॉक्टरनं सांगितलंय. मी रिपीट केलंय. विषय संपला."

मग काय विचारता! बाईंनी ते पथ्य असं पाळलं की बघणाऱ्यानं हात जोडावेत. द्राक्ष बंद म्हणजे बेदाणे बंद, मनुका बंद. खालच्या मजल्यावर सत्यनारायण झाला, त्या प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे त्या चष्मा लावून एकेक करून बाजूला काढत बसल्या. गुरुजींना ते बघवेना. म्हणाले, "अहो, प्रसादाला पथ्य नसतं." बाई म्हणाल्या, "देवाला नसेल. मला आहे." कुणीतरी शक्ती यावी म्हणून द्राक्षासवाची बाटली आणून दिली, ती दारातूनच परत गेली. आणि द्राक्ष गेलं म्हणून फळाची जागा रिकामी ठेवायची नाही, तर श्रावणात मंडईत पपनसं आली तशी त्यांनी पपनसं सुरू केली. ते लहान मुलाच्या डोक्याएवढं फळ मांडीवर घेऊन बसायचं, जाड साल काढायची, एकेका फोडीचं पांढरं पातळ कातडं सोलायचं आणि आतला लाल गर वाटीत जमवायचा. दुपारचा सगळा वेळ त्यात छान जायचा. मलाही वाटीभर मिळायचं.

इलाज सांगणाऱ्यांची तर रीघच लागली. तळमजल्यावरच्या काकू गव्हांकुरांचा हिरवागार रस घेऊन आल्या. एकानं कसल्याशा अर्काची बाटली आणली, झाकण उघडताच मी गॅलरीत पळाले. कुणी लक्ष्मणफळाची पानं उकळून प्या म्हणालं, कुणी साखर सोडा म्हणालं, म्हणजे गाठ उपाशी मरेल. भाचा त्यांचा मोठ्या कंपनीत, त्यानं पाण्यातलं पाणी वेगळं करणारं काहीतरी यंत्र आणायची तयारी दाखवली. बाई सगळ्यांचं तीन मिनिटं ऐकून घ्यायच्या आणि मग एकच प्रश्न विचारायच्या.

"हे सोबत, की ऐवजी?"

गोळीसोबत म्हणाला, तर बाई म्हणायच्या, डॉक्टरला विचारते, तोवर होल्ड करा. गोळीऐवजी म्हणाला, की ताबडतोब, "राँग नंबर." त्यांचं म्हणणं सरळ होतं. ताटात डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड वाढतात. तिनं जेवणाला चव येते, दोन घास जास्त जातात. पण नुसत्या डाव्या बाजूवर कुणाचं पोट भरल्याचं ऐकलंय का? नारायण पेठेत त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे वैद्य होते. बाई त्यांच्याकडे गेल्या तर ते म्हणाले, "या गाठीवर माझ्याकडे औषध नाही. तुमची झोप आणि भूक यांचं मी बघतो, पण जे देईन ते आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवायचं." बाई खूष. "याला म्हणतात माणूस. आपली लाइन कुठपर्यंत जाते, ते माहीत आहे." तेव्हापासून आमच्या घरात डावी बाजू चालू झाली. सकाळी श्वासाचे व्यायाम, संध्याकाळी पायी फेरी, रात्री मी काशाच्या वाटीनं त्यांचे तळपाय तुपानं घासून द्यायचं. वाटी फिरवता फिरवता मला जगभरचं ऐकायला मिळायचं. कुठल्या गावचे व्यापारी फोनवर रडायचे, कुठल्या नवऱ्याला बायकोच्या माहेरचा नंबर कधीच आठवायचा नाही. त्या वेळी मात्र तीन मिनिटांचा नियम नसायचा.

सुरुवातीला गोळीचा त्रास थोडाच होता. उजेडातून अंधारात गेलं की डोळ्यांच्या कडेला प्रकाशाच्या रेघा दिसायच्या. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं, म्हणून बाई घाबरल्या नाहीत. "फुकटची दिवाळी," म्हणायच्या. खोकला हटला. जिना चढताना धाप लागायची, ती कमी झाली. मी आईला फोन करून सांगितलं, बाई सुधारल्या गं.

आणि गणपती गेले तसं सगळं फिरलं. पोटात अन्न ठरेना. पाय सुजले. उठून उभं राहिलं की चक्कर यायची. गोळी जेवणाआधी घेऊन पाहिली, नंतर घेऊन पाहिली. फरक शून्य. नेमका त्याच वेळी स्कॅन झाला आणि त्यात गाठ लहान झालेली दिसली. पण बाईंकडे बघवत नव्हतं. घट्ट बसणारे ब्लाऊज त्यांच्या अंगावर लोंबायला लागले. एकदा बेसिनपाशी भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "गाठ बरी झाली, मी आजारी पडले."

तिथंच त्यांनी ठरवलं. भाच्यानं कुणीतरी शोधून काढला होता, सासवडच्या रस्त्याला बसतो, नाडी बघतो. त्याची अट एकच होती, आधीची सगळी औषधं बंद. त्यानं फोनवरच पथ्य सांगितलं होतं. वांगं बंद, बटाटा बंद, हरभरा बंद, दही बंद, मीठ बंद, पूर्वेकडे तोंड करून जेवायचं. बाईंनी ते मला पाठ म्हणून दाखवलं. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच टवटवीत दिसल्या. "याला म्हणतात पथ्य!"

मी म्हटलं, "बाई, हे सोबत की ऐवजी?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "ऐवजी."

"मग राँग नंबर ना?"

"कधीकधी राँग नंबरवरही बरं बोलणारं माणूस भेटतं," बाई म्हणाल्या. "मला जगायचंय गं. पण माणसासारखं. असं बेसिनला धरून नाही."

यावर मी रागावले, रडले, आईची शपथ घातली. बाई आपल्या बोट वर करून बसलेल्या. मला कळून चुकलं होतं की गोळी बंद झाली तर ही बाई आपल्या हातातून जाणार. आणि तिला अडवणारी मी कोण, तर भाडेकरू! ना नात्याची ना गोत्याची. शेवटी संतापानं माझ्या तोंडून निघून गेलं, "ठीक आहे, बंद करा. पण त्या डॉक्टरांना सांगून बंद करा. इतकी वर्षं नोकरी केलीत, कधी न सांगता कुणाची लाइन तोडलीत का?"

बाईंनी बोट खाली घेतलं. हा घाव वर्मी बसला होता. म्हणाल्या, "उद्या रजा टाक."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला बरोबर नेलं, कारण एकटीनं जिना उतरवत नव्हता. निघताना त्यांनी पिशवीत एक भलं मोठं पपनस घातलं. "निरोप घ्यायला रिकाम्या हातानं कसं जायचं? त्या मुलीनं माझ्यासाठी पुष्कळ केलंय."

डॉक्टरांनी हसून स्वागत केलं. बाई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "मी गोळी बंद करतेय. सांगायला आलेय." मग त्यांनी पिशवीतून पपनस काढून टेबलावर ठेवलं. "आणि हे तुम्हाला. गोड निघतायत यंदा. मी रोज खाते."

डॉक्टरांचं हसू गेलं होतं. पण त्या गोळीबद्दल बोलायच्या ऐवजी फळाकडं बघत राहिल्या. "रोज खाता? काय आहे हे?"

"पपनस. पुण्यात राहून पपनस माहीत नाही?"

डॉक्टरांनी ते उचललं, फिरवून पाहिलं, वास घेतला. मग मोबाइलवर काहीतरी शोधलं. हळूच म्हणाल्या, "आजी, मी तुम्हाला ग्रेपफ्रूट बंद सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत. मी रिपीट केलं होतं. ग्रेपफ्रूट बंद, बरोबर? तुम्ही म्हणालात बरोबर. त्या दिवसापासून एक द्राक्ष माझ्या तोंडात गेलेलं नाही. बेदाणासुद्धा नाही. विचारा हिला."

"द्राक्ष?"

"ग्रेप म्हणजे द्राक्ष, फ्रूट म्हणजे फळ. एवढं इंग्रजी सरकारी नोकरीत सगळ्यांना येतं."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "आजी, अहो, ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे! ग्रेपफ्रूट वेगळंच फळ असतं, संत्र्या-मोसंब्याच्या कुळातलं. आणि हे तुमचं पपनस त्याचं सख्खं भावंड आहे."

मी बाईंकडं बघितलं, बाई पपनसाकडं बघत होत्या.

"म्हणजे द्राक्षं मी उगाच सोडली?"

"उगाच."

"आणि जे सोडायचं, ते रोज खाल्लं?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या.

आधी बाईंचे खांदे हलले. मला वाटलं, रडतायत. पण बाई हसत होत्या. आवाज न करता, मग आवाज करून, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. खोकल्याची उबळ आली, ती सरली, पुन्हा हसायला लागल्या. "सत्यनारायणाच्या शिऱ्यातून बेदाणे काढले हो मी! चष्मा लावून! गुरुजींशी भांडले!" मग डॉक्टरही हसायला लागल्या, मीही. बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली. कॅन्सरच्या दवाखान्यात इतकं काय हसताहेत, असं त्यांना वाटलं असणार.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. गोळीचं काम झालं की तिचा निचरा करायची सोय आपल्या आतड्यात असते. हे फळ ती सोयच बंद पाडतं. मग गोळी अंगात साठत जाते, आणि एक खाल्ली तरी जास्त खाल्ल्यासारखा त्रास होतो. "सगळा त्रास यानंच झाला असं मी छातीठोकपणे सांगत नाही," त्या म्हणाल्या, "पण बराचसा झाला असणार."

"म्हणजे पहिला कॉल संपायच्या आत दुसरा जोडला जात होता," बाई म्हणाल्या.

"बरोबर. पण इतका त्रास होत होता तर मला सांगितलं का नाहीत? मी दर वेळी विचारत होते."

"तुम्ही विचारायचात, बरं आहे ना? त्यावर हो म्हणायचं असतं."

डॉक्टरांनी मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे, आजी. मराठीत त्याला काय म्हणतात, ते मी बघायला हवं होतं."

"निम्मी तुमची," बाई म्हणाल्या. "निम्मी माझी. ऐकलं बरोबर, रिपीट केलं बरोबर, समजले चूक. आम्हाला नोकरीत समजून घ्यायला कुठं सांगितलं होतं? नुसतं जोडून द्यायचं."

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढायला लावला, रक्त घेतलं, थोडे दिवस गोळी थांबवली. मग पुन्हा सुरू करायची, आणि तरीही सोसली नाही तर मात्रा कमी करता येते, दुसरी गोळीही आहे. "बंद करायचं तर मी स्वतः सांगेन तुम्हाला. तोवर वेळ वाढवून द्याल?" बाईंनी थोडा विचार केला. मग मान डोलावली. "वाढवला."

पपनस डॉक्टर घरी घेऊन गेल्या. त्यांना पथ्य नव्हतं. घरी आल्यावर बाईंनी सासवडच्या रस्त्यावरच्या त्या माणसाला फोन लावला. "उद्याची वेळ रद्द करा. कारण? राँग नंबर लागला होता." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "तुझ्या आईनं पाठवलेले बेदाणे कुठं ठेवलेत? आण." मी डबा आणला. ओट्याशी उभ्या राहूनच त्यांनी मूठभर खाल्ले. सगळे पोटात राहिले. मी मोरीत जाऊन दार लावून पोटभर रडले, आनंदानं.

गोळी पुन्हा सुरू झाली आणि या वेळी सोसली. पायांची सूज उतरली, भूक परतली, टोमणे परतले. दवाखान्यातल्या बाकावर बसून बाई नव्या पेशंटांची झडती घ्यायच्या, "तुम्हाला कुठलं फळ बंद सांगितलंय? मराठीत सांगा." डॉक्टरही सुधारल्या. आता त्या 'बरं आहे ना' विचारत नाहीत. काल दिवसभरात काय काय खाल्लं, किती वेळा उलटी झाली, असं विचारतात. हे मला बाईंनीच सांगितलं, आणि त्याचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं.

लग्नानंतर मी बाणेरला राहायला गेले. बाई आहेत. गोळी मध्ये एकदा बदलली, पण चालू आहे. आजार पूर्ण गेलेला नाही, जाईल असं डॉक्टर म्हणतही नाहीत, आणि पुढं काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही. मी फोन केला की आधी माझंच वाक्य मला रिपीट करून दाखवतात. पण बाई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येतो तो त्या पुढच्या मे महिन्यातला एक दिवस.

आजार कळल्यापासून बाई सगळंच थोडं थोडं आणायच्या. साखर पाव किलो, तांदूळ अर्धा किलो, आगपेटीचा पुडा नाही, एक आगपेटी. "जास्त आणून ठेवायचं कुणासाठी?" म्हणायच्या. आणि हे त्या इतक्या सहज म्हणायच्या की मला ऐकवायचं नाही. त्या दिवशी सकाळी स्कॅनचा रिपोर्ट आला. गाठ आणखी आकसली होती, गप्प पडून होती. दवाखान्यातून रिक्षानं घरी निघालो, तर बाई एकदम म्हणाल्या, "मंडईकडे घ्या." मी विचारलं, कशाला? त्या रिक्षावाल्याला वळण दाखवायला लागल्या.

मंडईत कैऱ्यांचे ढीग लागले होते. बाई एका ढिगापाशी थांबल्या, एक कैरी उचलली, नखानं जराशी टोकरली, वास घेतला. आंबट वासानं त्यांचे डोळे मिटले.

"किती देऊ आज्जी, अर्धा किलो?" कैरीवाल्या बाईनं विचारलं.

"वर्षाचं लोणचं घालायचंय," बाई म्हणाल्या. "त्या हिशेबानं द्या."

वर्षाचं! मी कैऱ्यांच्या ढिगाकडं तोंड करून उभी राहिले, कारण माझं तोंड कुणाला दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.

कैरीवालीनं बाईंकडं खालून वरपर्यंत बघितलं. काटकुळे हात, सैल झालेल्या बांगड्या, मनगटावर सुई टोचलेल्या जागेचा कापूस. "घरात माणसं किती?"

"एक."

"अगं बया! मग वर्षाचं एवढं लोणचं कोण खानार?"

"मी," बाई म्हणाल्या.